वसतिगृहांचे जनक राजर्षी शाहू

हुशार मुलाची शाळा का सुटते? शहरात शाळा असते. पण रात्री पाठ टेकायला जागा नसते आणि पोटाला भाकर नसते. हे दुखणे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ओळखले. 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात ते जन्मले. आई बालपणीच गेली. 1894 साली राज्यकारभार हाती आला. 1896 साली त्यांनी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढले. थोड्याच वर्षांत तेथे ब्राह्मण विद्यार्थीच उरले. महाराज खचले नाहीत. ज्या त्या समाजाने पुढे यावे, दरबाराने जागा व अनुदान द्यावे, असा मार्ग त्यांनी धरला. 1901 साली मराठा व जैन, 1906 साली मुसलमान, 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुले एका शाळेत बसविली. 6 मे 1922 रोजी, वयाच्या अवघ्या 47 व्या वर्षी ते गेले.

वाचकहो, जयंतीला हार जरूर घाला; पण वर्गणीतील चार रुपये गावातल्या पोरक्या मुलाच्या जेवणासाठी आणि वह्या-पुस्तकांसाठी आधी बाजूला काढा.