पंडिता रमाबाई : शेवटचे काम

सूरजागड म्हटले की आज लोखंडाची खाण आठवते. सव्वाशे वर्षांपूर्वी हा आपला डोंगर चांदा जिल्ह्यात मोडत होता आणि चांदा जिल्हा मध्य प्रांतात. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली. या मध्य प्रांतावर १८९६-९७ मध्ये भीषण दुष्काळ कोसळला. त्या वेळी पुण्याहून एक विधवा बाई प्रांतात आल्या आणि उपासमारीने खंगलेल्या सुमारे ३०० मुली-बायकांना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. त्या पंडिता रमाबाई.

त्या का आल्या, याचे उत्तर त्यांच्या बालपणात आहे. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला होता. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरू लागले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला आणि रमाबाईंच्या डोळ्यांदेखत वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. उंची कमी पडल्यामुळे तिला ते ओझे डोक्यावर घ्यावे लागले! पुढे बहीणभाऊ पायी हिंदुस्थानभर हिंडले. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव म्हणून वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. उपाशी मुलगी दिसली की रमाबाईंना स्वस्थ बसवत नसे, याचे मला तरी नवल वाटत नाही.

कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्यानंतर १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेरचे लग्न केले. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. मागे राहिली वर्षाचीही न झालेली मनोरमा. चोवीस वर्षांच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ, पती असे सारे गेलेले!

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. याच वर्षी तेथेच त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत हिने आत्महत्या केली. त्या परक्या देशात हाही घाव त्यांनी सोसला. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या कोणाच्या ताटाखालचे मांजर मात्र झाल्या नाहीत. मांसाहार त्यांनी घेतला नाही, आणि न पटलेली गोष्ट केवळ मठातील वडीलधाऱ्या सांगतात म्हणून त्यांनी मान्य केली नाही.

१८८९ साली मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. १८९३ मध्ये विद्यार्थिनींना ख्रिस्ती केले जाते या आरोपावरून वादळ उठले. रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांची भीती अगदीच अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. बाईंची प्रार्थना मुली पाहत होत्या. पण त्याच सदनातील गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, धोंडो केशव कर्वे यांनी त्याच वर्षी पुनर्विवाह केला, हेही विसरून चालणार नाही.

दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी दौंड तालुक्यातील केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. शेती, विणकाम, दूधदुभते, छापखाना, अंध मुलींचे शिक्षण अशी अनेक कामे तेथे चालत. १९०० सालच्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि ही संख्या सुमारे १,५०० वर गेली. अन्न हातून खाण्याचीही ताकद नसलेल्या मुली त्यात होत्या. त्यांना जगवता जगवता कित्येक हातच्या गेल्या. मुक्तीच्या भजन-प्रार्थनांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मृत्यू रोज दारात असताना त्या चालत, हे त्यात अनेकदा राहून जाते.

या धामधुमीत त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले. उपलब्ध मराठी बायबल त्यांच्या अल्पशिक्षित बायांना जड जात असे. म्हणून त्या उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून साऱ्या ग्रंथाचे भाषांतर करू लागल्या. कान तर तरुणपणापासूनच अधू होते.

मनोरमा हाच त्यांचा आधार होता. शिकून आलेली ही मुलगी मुक्तीचा कारभार पाहत होती आणि आईमागे तीच सांभाळील असे सर्वांनी धरले होते. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, ती गेली. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, थकलेल्या होत्या. आता सारे कुणासाठी, असे म्हणून त्या बसल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता. पण मुक्तीचा कारभार त्यांनी पुन्हा हाती घेतला आणि भाषांतराचे कागद पुढे ओढले. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य दे, अशी प्रार्थना त्या करीत असत असे सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. मनोरमेला जाऊन नऊ महिनेही झाले नव्हते.

ते भाषांतर चर्चमधून फारसे रूढ झाले नाही. बहुतेकांनी जुनेच वाचले. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला १९२४ साली, केडगावच्या त्याच छापखान्यातून, जेथे मुक्तीतल्या बायका खिळे जुळवीत असत.