विश्लेषण : क्रूझची सुट्टी कोणाच्या डोक्यातून निघाली? रिकाम्या जहाजांचा हिशेब मांडणारे आल्बर्ट बालिन

दिवाळी किंवा नाताळची सुट्टी जवळ आली की मुंबई-गोवा क्रूझच्या जाहिराती फोनवर दिसू लागतात. जहाज कुठे तरी पोहोचवते म्हणून नव्हे, तर जहाजावर राहण्यासाठीच तिकीट काढायचे, ही कल्पना आता कुणाला नवल वाटायला लावत नाही. पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी समुद्रप्रवास म्हणजे नाइलाज होता. बोट लागणे, कुबट वास, दाटीवाटी आणि पलीकडचा किनारा कधी दिसतो याची वाट पाहणे. या नाइलाजाची चैन करून विकणारा माणूस हॅम्बुर्गचा होता. त्याचे नाव आल्बर्ट बालिन.

बालिन कोण होते?

१५ ऑगस्ट १८५७ रोजी हॅम्बुर्गमध्ये बंदराला लागून असलेल्या वस्तीत एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. भावंडांच्या मोठ्या गोतावळ्यातले ते शेंडेफळ. वडील अमेरिकेला निघालेल्या स्थलांतरितांना जहाजाची तिकिटे मिळवून देणाऱ्या एका छोट्या एजन्सीत भागीदार होते. १८७४ मध्ये वडील गेले आणि सतरा वर्षांच्या आल्बर्टवर धंद्याची जबाबदारी येऊन पडली.

युरोपातून, विशेषतः पूर्वेकडच्या मुलखातून, माणसे तेव्हा लोंढ्याने अमेरिकेला निघत होती. जहाजाच्या पोटात माल भरतात तशी ती भरली जात. वर डेकवर यायला त्यांना जागा असे ती जेमतेम, कारण डेकचा चांगला भाग वरच्या वर्गाचा. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला बालिन यांनी एडवर्ड कार या जहाजमालकाशी संधान बांधले. कार यांची जहाजे मालवाहू होती. त्यांत वरचा वर्ग नव्हताच. त्यामुळे गरीब प्रवाशाला पूर्ण डेक मोकळा मिळाला. तिकीट स्वस्त, वर हवा आणि ऊन फुकट. पुढे श्रीमंतांना डेकवरची हवा विकणाऱ्या माणसाने सुरुवात केली होती ती गरिबाला डेकवर येऊ देऊन.

या स्पर्धेने हॅम्बुर्गमधली बडी कंपनी हापाग (हॅम्बुर्ग-अमेरिका लाइन) हैराण झाली. दरयुद्ध पेटले. शेवटी १८८६ मध्ये हापागने या प्रतिस्पर्ध्यालाच आपल्या प्रवासी विभागाचा प्रमुख नेमले. तेव्हा बालिन यांचे वय होते २८. आज उरण-पनवेलच्या रस्त्यावर ट्रेलरवरून जाणारे ‘हापाग-लॉइड’ लिहिलेले केशरी कंटेनर दिसतात, ती याच कंपनीची आजची पिढी.

क्रूझची कल्पना सुचली कशी?

ती हिशेबाच्या वहीतून आली, हौसेतून नव्हे. बालिन यांच्या आग्रहावरून हापागने वेगवान, दोन पंख्यांची नवी प्रवासी जहाजे बांधायला घेतली. त्यातले ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ १८८९ मध्ये धावू लागले. नाव जर्मन सम्राज्ञीचे, पण स्पेलिंगात चूक. ती दुरुस्त करून ‘ऑगस्टे’ व्हायला १८९७ उजाडले.

अशा जहाजाचे दुखणे हिवाळ्यात सुरू होई. जानेवारी-फेब्रुवारीत उत्तर अटलांटिक खवळलेला, थंडी कडाक्याची, आणि हौसेने अमेरिकेला जाणारे प्रवासी घरीच. जहाज मात्र धक्क्याला बांधून ठेवले तरी खर्च थांबत नाही. कर्जावरचे व्याज, देखभाल, खलाशांचे पगार चालूच. बालिन यांनी उलटा विचार केला. प्रवासी थंडीला कंटाळून समुद्रावर येत नसतील, तर जहाजच उन्हात न्यायचे.

कंपनीतल्या अनेकांना हा वेडेपणा वाटला. काम नसताना दोन महिने जहाजावर राहायला पैसे कोण मोजेल, ही शंका त्या काळी अगदी रास्त होती. तरी २२ जानेवारी १८९१ रोजी कुक्सहाफेनहून ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ भूमध्य समुद्राकडे निघाले. हजाराहून अधिक प्रवासी मावतील अशा त्या जहाजावर २४१ पर्यटक होते. स्वतः बालिन आणि त्यांच्या पत्नी मारियानेही सोबत होत्या. नव्या मालाची जोखीम घ्यायची तर दुकानदाराने गल्ल्यावर बसावे, तसा हा प्रकार.

साउदॅम्प्टन, जिब्राल्टर, जिनोआ, मग इजिप्त, पॅलेस्टाइन, बैरुत, कॉन्स्टँटिनोपल, अथेन्स, माल्टा, नेपल्स, लिस्बन असा फेरा झाला. कैरो आणि पिरॅमिड, जेरुसलेम, दमास्कस ही ठिकाणे किनाऱ्यापासून आत. म्हणजे बंदरात उतरायचे, ठरलेली सहल करायची आणि पुन्हा आपल्याच खोलीत, आपल्याच बिछान्यावर यायचे. याफासारख्या ठिकाणी मोठे जहाज धक्क्याला लागत नसे. लहान होड्यांतून लाटांवर हेलकावे खात किनारा गाठावा लागे. २२ मार्चला जहाज परतले तेव्हा शंकेखोर गप्प झाले होते. पुढच्या वर्षापासून ही सहल हापागच्या वेळापत्रकाचा भाग झाली.

मग बालिन यांना ‘पहिले’ म्हणायचे का?

इथे जरा सावध राहायला हवे. ब्रिटिश पी अँड ओ कंपनीने १८४४ मध्येच भूमध्य समुद्रातल्या सहली विकल्या होत्या. त्यात प्रवाशांना वाटेत एक बोट सोडून दुसरी धरावी लागे. १८६७ मध्ये अमेरिकेतून निघालेल्या ‘क्वेकर सिटी’ जहाजाच्या सहलीत मार्क ट्वेन होते, पण ती एकदाच झालेली यात्रा. स्कॉटलंडहून नॉर्वेच्या फ्योर्डकडे छोट्या बोटी १८८०च्या दशकात जात होत्या. त्यामुळे ‘पहिली क्रूझ’ हा मान एकाच्या गळ्यात घालता येत नाही. बालिन यांचे काम वेगळे. मोठे, आलिशान महासागरी जहाज, ऋतूनुसार ठरलेला मार्ग, किनाऱ्यावरच्या सहलींची आधी केलेली व्यवस्था आणि दरवर्षीची खात्रीची फेरी, हे सगळे एका तिकिटाच्या धंद्यात बसवले ते त्यांनी. आजची क्रूझ याच साच्यातली आहे.

हिवाळ्यात भूमध्य समुद्र, उन्हाळ्यात मध्यरात्रीचा सूर्य पाहायला नॉर्वे, पुढे वेस्ट इंडीज. नॉर्वेच्या फेऱ्यांना एक आयती जाहिरात मिळाली. कैसर विल्हेल्म दुसरा दर उन्हाळ्यात आपल्या शाही नौकेतून तिकडे जायचा, आणि सम्राट जातो तिथे जाण्याची हौस पैसेवाल्यांना असतेच.

आजच्या प्रवाशाला यातले काय ओळखीचे वाटेल?

बरेच काही. ऋतू पाहून मार्ग बदलणे हे आजही क्रूझ कंपन्यांचे पहिले गणित आहे. म्हणूनच एकच जहाज सहा महिने एका समुद्रात आणि सहा महिने दुसऱ्या समुद्रात दिसते. अरबी समुद्रात पावसाळा सुरू झाला की मुंबईहून निघणाऱ्या फेऱ्यांचे वेळापत्रक बदलते तेही यामुळेच. नियोजन करताना बंदरांची संख्या मोजून भुलण्यापेक्षा प्रत्येक बंदरात जहाज किती तास थांबते हे पाहावे. ज्या शहराचे नाव पत्रिकेत असते ते बंदरापासून दूर असू शकते. १८९१ मध्ये जेरुसलेम जसे समुद्रावर नव्हते, तसे आज रोमही नाही. बोट लागण्याची भीती असेल तर जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची खोली बरी, कारण तिथे हेलकावा सर्वांत कमी जाणवतो. खिडकीच्या मोहापायी टोकाची, वरची खोली घेणारे पहिल्याच रात्री पस्तावतात.

आणि जहाजावरची सरबराई? तिचा तर बालिन यांना ध्यासच होता. प्रवासाला निघाले की सोबत टिपणवही असे. टोस्ट गरम राहावा म्हणून तो रुमालात गुंडाळून आणावा, लोण्याच्या बशा लहान पडतात, असल्या बारीक नोंदी ते करत आणि परतल्यावर संबंधितांना कामाला लावत. लंडनच्या कार्लटन हॉटेलची टापटीप आवडली, तर ‘रिट्झ-कार्लटन’ नावाचे उपाहारगृह १९०५ मध्ये ‘अमेरिका’ या जहाजावर आणले. ठरलेल्या पंगतीऐवजी हवे तेव्हा, हवे ते मागवून खायची सोय समुद्रावर आली.

खास क्रूझसाठीचे जहाज कधी बांधले?

अटलांटिकची जहाजे सहलीला वापरण्यात एक अडचण होती. त्यांच्यात हजार गरिबांची जागा रिकामी राही आणि श्रीमंतांसाठी खोल्या कमी पडत. म्हणून १९०० मध्ये हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीत ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईस’ हे केवळ सहलींसाठीचे जहाज पाण्यात उतरले. त्यात १२० खोल्या, सगळ्या पहिल्या वर्गाच्या. वाचनालय, व्यायामशाळा, इतकेच काय, हौशी छायाचित्रकारांना फोटो धुण्यासाठी काळोखी खोलीही.

या जहाजाचा शेवट वाईट झाला. १६ डिसेंबर १९०६ च्या रात्री जमैकाच्या किनाऱ्याजवळ कप्तानाने एका दीपगृहाला दुसरे समजून दिशा धरली आणि जहाज खडकांवर चढले. प्रवासी सगळे वाचले. कप्तानाने आपल्या खोलीत जाऊन स्वतःवर गोळी झाडून घेतली.

धंदा मात्र थांबला नाही. ऑक्टोबर १९०९ मध्ये हापागचे ‘क्लीव्हलँड’ जहाज एका अमेरिकी सहल-व्यावसायिकाने भाड्याने घेतले आणि सुमारे साडेसहाशे पर्यटक न्यूयॉर्कहून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांच्या मार्गात मुंबईही होती. पनामा कालवा अजून खुला व्हायचा होता, म्हणून ही प्रदक्षिणा सॅन फ्रान्सिस्कोत संपली.

चैनीचा खर्च कोण भागवत होते?

हा प्रश्न बालिन यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. हापागचा कणा होता तो तळमजल्यावरचा प्रवासी. १८९२ मध्ये हॅम्बुर्गमध्ये पटकीने सुमारे साडेआठ हजार बळी घेतले आणि ठपका रशियातून आलेल्या स्थलांतरितांवर ठेवला गेला. त्यानंतर त्यांच्यावर कडक निर्बंध आले. बालिन यांनी १९०१ मध्ये फेडेल बेटावर त्यांच्यासाठी वसाहत उभारली. तिथे निजायच्या खोल्या, वैद्यकीय तपासणी, चर्च, सिनेगॉग, ज्यूंसाठी वेगळे स्वयंपाकघर होते. यात माणुसकी होती आणि व्यवहारही होता, कारण आजारी प्रवासी अमेरिकेने परत पाठवला तर भुर्दंड कंपनीलाच. दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या असे मानणे बरे.

१८९९ पासून ते कंपनीचे सर्वोच्च संचालक होते. १९१४ पर्यंत हापाग जगातली सर्वांत मोठी जहाज कंपनी झाली. ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर सव्वा महिन्याने, मे १९१२ मध्ये, त्याहून मोठे ‘इम्पेराटोर’ पाण्यात उतरले. त्यानंतर ‘फाटरलांड’, मग ‘बिस्मार्क’.

सम्राटाशी मैत्री कुठवर उपयोगी पडली?

कैसर त्यांच्या हॅम्बुर्गच्या घरी जेवायला येई. तरी दरबारातल्या सरदारांना आणि सेनाधिकाऱ्यांना हा ज्यू व्यापारी खुपत असे, आणि पाठीमागे कुत्सित बोलणे चाले. धर्म बदलून वाट सोपी करण्याचा पर्याय बालिन यांनी कधी स्वीकारला नाही.

जर्मन आरमार वाढवण्याच्या मोहिमेला त्यांनी सुरुवातीला स्वतःही पाठिंबा दिला होता. ही स्पर्धा ब्रिटनशी युद्धाकडे नेणार हे पुढे ध्यानात आले, तेव्हा लंडनमधले आपले मित्र सर अर्नेस्ट कॅसल यांच्यामार्फत त्यांनी मध्यस्थी केली. त्यातूनच १९१२ मध्ये ब्रिटिश मंत्री हाल्डेन बर्लिनला आले. हाती काही लागले नाही. जुलै १९१४ मध्येही ते लंडनला जाऊन मंत्र्यांना भेटले, पण काही दिवसांतच युद्ध सुरू झाले.

जहाजे जगभरच्या बंदरांत अडकली. ‘फाटरलांड’ न्यूयॉर्कजवळ होते, ते अमेरिकेने १९१७ मध्ये ताब्यात घेतले. सप्टेंबर १९१८ मध्ये बालिन कैसरला भेटायला गेले. लढाई हरली आहे, तह करा, हे त्यांना सांगायचे होते. दरबारी अधिकारी सोबत ठेवल्याने मोकळे बोलणे झालेच नाही.

नोव्हेंबरात क्रांतीचे लोण हॅम्बुर्गला पोहोचले. उठावकऱ्यांनी हापागच्या कार्यालयात मुक्काम ठोकला. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी, कैसरच्या सत्तात्यागाची घोषणा झाली त्याच दिवशी, झोपेच्या गोळ्यांच्या अतिमात्रेने बालिन यांचा मृत्यू झाला. वय ६१. ते जाणूनबुजून होते की नाही, यावर चरित्रकारांचे एकमत नाही.

त्यांच्या पश्चात काय उरले?

तिन्ही महाकाय जहाजे विजेत्यांकडे गेली आणि नव्या नावांनी धावली. हापागने १९२३ मध्ये सेवेत आणलेल्या एका नव्या प्रवासी जहाजाला ‘आल्बर्ट बालिन’ नाव दिले. ज्यू माणसाचे नाव जर्मन जहाजावर नको म्हणून नाझी राजवटीत, १९३५ मध्ये, ते पुसून ‘हान्सा’ केले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, आल्स्टर तलावाकाठच्या ज्या रस्त्यावर कंपनीचे मुख्यालय आहे त्याला ‘बालिनडाम’ नाव मिळाले, आणि स्थलांतरितांच्या वसाहतीच्या जागी आज ‘बालिनश्टाट’ हे संग्रहालय आहे. नाव पुसलेले ते जहाज १९४५ मध्ये सुरुंगाला लागून बुडाले. सोव्हिएत रशियाने ते वर काढले, दुरुस्त केले आणि ‘सोव्हिएत्स्की सोयुझ’ या नावाने ते व्लादिवोस्तोकच्या बाजूला पुढची अनेक वर्षे प्रवासी नेत राहिले.