सिनेमावाल्यांना धडकी भरवणारा मासवणचा संपादक

केळव्याहून पालघर, पालघरहून मनोर रस्ता धरला की सूर्या नदीच्या काठाला मासवण लागतं. गावाचं नाव पेपरात येतं ते पाण्याच्या योजनेमुळे. इथून उचललेलं पाणी वसई-विरारला जातं. पण याच मासवणमध्ये ४ एप्रिल १९०४ रोजी एक मूल जन्माला आलं आणि पुढे त्या माणसाच्या एका पानावर मुंबईतल्या निर्मात्यांची झोप उडायची, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? मी स्वतः चाळिशी उलटेपर्यंत ऐकलं नव्हतं. नाव बाबूराव पटेल. मूळचं आडनाव पाटील.

तेव्हा पालघर तालुका नव्हता. आपला सगळा पट्टा ठाणे जिल्ह्यातल्या माहीम तालुक्यात होता आणि कचेरी आपल्या केळवे-माहीमला होती. म्हणजे तसं बघितलं तर बाबूराव आपल्याच तालुक्यातले.

शाळा अर्धवट सुटली. मुंबईत १९२६ च्या सुमारास ते ‘सिनेमा समाचार’ नावाच्या मासिकात लागले. सिनेमा तेव्हा मुका होता. नंतर स्वतःच सिनेमे काढायला घेतले. १९२९ मध्ये ‘किस्मत’, मग बोलपटात ‘सती महानंदा’, ‘महारानी’, ‘परदेसी सैंया’ वगैरे. यातला एकही आज कोणाच्या लक्षात नाही.

खरं नाव झालं ते १९३५ मध्ये. एप्रिल महिन्यात त्यांनी ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू केलं. शाळा पुरी न केलेला गडी, आणि इंग्रजी असं धारदार की कॉलेजातली पोरं त्यासाठी अंक विकत घ्यायची. लाहोरला शिकत असताना देव आनंदही त्याच पोरांत होता. ‘फिल्मफेअर’ यायला अजून सतरा वर्षं होती. वरचं रंगीत चित्र गुलबर्ग्याचे चित्रकार एस. एम. पंडित काढायचे. आत वाचकांच्या प्रश्नांना संपादक उत्तरं द्यायचे. प्रश्न सिनेमाचा असो, लग्नाचा असो की राजकारणाचा, उत्तर दोन ओळींचं आणि बोचरं. पुष्कळ लोक अंक हातात आला की आधी तेच पान उघडायचे म्हणतात.

परीक्षणाची पद्धतही ठरलेली. मथळ्यातच निकाल लागलेला असायचा. बाजूला चौकटीत निर्माता, दिग्दर्शक, नट, कुठल्या थेटरात लागला ते सगळं. मग कथा, संवाद, छायाचित्रण, गाणी, एकेक घेऊन सोलून काढायचं. निर्मात्याची जाहिरात त्याच अंकात असली तरी आतल्या पानावर त्याची खैर नसे.

आता नेम नेहमी बरोबर लागला असं नाही. १९४४ मध्ये ‘ज्वार भाटा’ आला. त्यात एक नवा पोरगा होता. बाबूरावांनी लिहिलं की हा हिरो अगदी अशक्त दिसतो, पुढचा सिनेमा द्यायच्या आधी त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं चारा. तो पोरगा म्हणजे दिलीपकुमार! त्याच्या आदल्या वर्षी अशोककुमारचा ‘किस्मत’ आला होता. बाबूरावांच्या सिनेमाचंच नाव, गोष्ट वेगळी. त्यात चोराला नायक केलंय म्हणून त्यांनी टीका केली. तो सिनेमा कलकत्त्याच्या एकाच थेटरात तीन वर्षांवर चालला.

पण आवडलं तर हातचं राखत नसत. १९५७ मध्ये मेहबूब खानचा ‘मदर इंडिया’ आला तेव्हा भारतात बनलेला सगळ्यात मोठा सिनेमा हाच, असं त्यांनी लिहून टाकलं. नर्गिसशिवाय ती भूमिका दुसरी कोणी करू शकली नसती, हेही. आपण शेतकरी माणसं तो सिनेमा आजही बघतो. सावकार, नांगर, पूर, सगळं आपलंच. इथे बाबूराव चुकले नाहीत.

परक्यांनाही सोडलं नाही. १९३८ मध्ये लंडनचा ‘द ड्रम’ आणि पुढच्याच वर्षी हॉलिवूडचा ‘गंगा दीन’ आला. दोन्हींत इंग्रज शूर आणि आपली माणसं कपटी नाहीतर लाचार. ‘फिल्मइंडिया’ने त्याविरुद्ध मोहीम उघडली. ‘द ड्रम’वरून मुंबईत आणि मद्रासला लोक रस्त्यावर आले, शेवटी बंदी आली. ‘गंगा दीन’वर मुंबई आणि बंगाल प्रांतात बंदी पडली. इंग्रजांच्याच राज्यात, इंग्रजांच्याच भाषेत हे लिहिणं सोपं नव्हतं.

दुसऱ्याच्या सिनेमाला नावं ठेवणारा स्वतः काय करतो, हे बघायची संधीही लोकांना मिळाली. गायिका सुशीलाराणी या त्यांच्या पत्नी. त्यांना घेऊन त्यांनी १९४४ मध्ये ‘द्रौपदी’ आणि १९४६ मध्ये ‘ग्वालन’ काढला. मासिकात गाजावाजा भरपूर केला. दोन्ही पडले. बांधावर उभं राहून सांगणं वेगळं आणि चिखलात उतरणं वेगळं, हे आपल्याला नवीन नाही.

आता जे लिहायचं ते लिहायला बरं वाटत नाही, पण झाकूनही चालणार नाही. फाळणीनंतर ती लेखणी कडवट होत गेली. त्यांना जवळून ओळखणाऱ्या मंटोने पाकिस्तानात गेल्यावर त्यांच्यावर एक व्यक्तिचित्र लिहिलं, त्यातही हा बदल जाणवतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ‘फिल्मइंडिया’ बंद झालं आणि त्याच जागी ‘मदर इंडिया’ नावाचं राजकीय मासिक आलं. १९६७ मध्ये जनसंघाच्या तिकिटावर मध्य प्रदेशातल्या शाजापूरमधून ते लोकसभेत गेले. मासिकात होमिओपॅथीची औषधंही सांगायचे. पण मुसलमानांविरुद्ध सरसकट विखारी लिहिणंही चालूच होतं. त्यातल्या लेखांवरून दोन समाजांत वैर पसरवल्याचा खटला झाला आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दोषीच ठरवलं. तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडलेले होते. जी धार वाईट सिनेमावर चालली तीच माणसांवर चालली. माझ्या मते मासवणच्या या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान कुठल्या नटाने नाही, त्यांच्या स्वतःच्या लेखणीने केलं.

१९८२ मध्ये बाबूराव गेले. सुशीलाराणींनी मासिक आणखी तीन वर्षं चालवलं. वांद्र्याच्या पाली हिलवर ‘गिरनार’ बंगल्यात त्या गाणं शिकवत राहिल्या. मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेल्या या बाईंना पुढे संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २४ जुलै २०१४ रोजी वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. त्यानंतर आठच दिवसांनी, १ ऑगस्टला, मासवण आणि केळवे ठाण्यातून निघून नव्या पालघर जिल्ह्यात आले.