ब्रेगे : घड्याळाला चेहरा देणारा कारागीर

निळ्या पोलादाचे सडपातळ काटे आणि त्यांच्या टोकाजवळ एक पोकळ वर्तुळ. अशा काट्यांना जगभरचे घड्याळजी आजही ‘ब्रेगे काटे’ म्हणतात. ज्यांच्या नावाने ते ओळखले जातात, त्या अब्राहम-लुई ब्रेगे यांच्या निधनाला दोन शतके उलटून गेली आहेत. त्यांनी स्थापन केलेल्या पेढीने २०२५ मध्ये अडीचशे वर्षे पूर्ण केली. या दीर्घ काळात पेढीचे नाव कधीच पुसले गेले नाही. मात्र त्या नावामागचा चेहरा हरवला, इतरांनी उचलला आणि पुन्हा शोधावाही लागला. ब्रेगे यांचे चरित्र त्या दृष्टीने वाचण्याजोगे आहे.

ब्रेगे यांचा जन्म १० जानेवारी १७४७ रोजी स्वित्झर्लंडमधील नोशातेल येथे झाला. त्या वेळी साताऱ्याच्या गादीवर छत्रपती शाहू महाराज होते. अकराव्या वर्षी ब्रेगे यांचे पितृछत्र हरपले. आईने पुनर्विवाह केला तो घड्याळाच्या व्यवसायातील गृहस्थाशी, आणि तेथूनच मुलाच्या आयुष्याची दिशा ठरली. १७६२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते व्हर्सायला उमेदवारीसाठी गेले. दिवसा हातात हत्यारे आणि संध्याकाळी पॅरिसच्या माझारँ महाविद्यालयात गणिताचे धडे, असा त्यांचा क्रम होता. हस्तकौशल्य आणि गणित यांचा हा संयोग पुढे त्यांच्या प्रत्येक निर्मितीत दिसून आला.

१७७५ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी सीन नदीच्या काठी, घड्याळाचा घाट अशा अर्थाचे नाव असलेल्या रस्त्यावर त्यांनी स्वतःची कार्यशाळा उघडली. १७८० मध्ये पत्नीचे अकाली निधन झाले. त्याच वर्षी चावी न देता, बाळगणाऱ्याच्या हालचालीवर चालणारे त्यांचे घड्याळ ऑर्लेआँच्या ड्यूकपर्यंत पोहोचले आणि दरबारी वर्तुळात त्यांचे नाव झाले.

त्या काळची घड्याळे जाडजूड आणि नक्षीने भरलेली असत. काटेही इतके अलंकृत, की वेळ वाचण्यास डोळे ताणावे लागत. ब्रेगे यांनी हा सारा साज उतरवला. १७८३ च्या सुमारास त्यांनी नवे सडसडीत काटे आणि किंचित कलते, स्वच्छ अंक योजले. १७८६ पासून तबकडीवर यंत्राने कोरलेल्या अतिसूक्ष्म रेषांची जाळी आली. ती शोभेसाठी नव्हती. रेषांमुळे धातूची चकाकी कमी होई आणि तास, मिनिटे, सेकंद यांचे विभाग वेगवेगळ्या नक्षीमुळे सहज ओळखू येत. त्यांच्या घड्याळाचे सौंदर्य उपयोगातून जन्मले होते.

आतल्या यंत्राबाबतही हाच विवेक होता. घड्याळ पडले की तोलचक्राच्या आसाची नाजूक टोके मोडत. त्यासाठी १७९० मध्ये त्यांनी आसाला लवचीक आधार दिला. धक्का शोषून घेणाऱ्या सर्व व्यवस्थांचे मूळ या कल्पनेत आहे. एकेकाळी वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूरसारख्या गावापासून मुंबईपर्यंत मनगटामनगटावर दिसणाऱ्या एचएमटीच्या घड्याळांवर ‘पॅराशॉक’ अशी अक्षरे असत. ती व्यवस्था याच कल्पनेच्या वंशातील होय.

फ्रेंच राज्यक्रांतीत राजदरबाराशी असलेले संबंध धोक्याचे ठरले. १७९३ मध्ये त्यांना पॅरिस सोडून स्वित्झर्लंडला जावे लागले. १७९५ मध्ये ते परतले तेव्हा जुने उमराव ग्राहक पांगले होते. तेव्हा त्यांनी एकाच काट्याचे, साधे व टिकाऊ घड्याळ आखले. चौथा हिस्सा रक्कम आगाऊ भरून नोंदणी करायची आणि तयार झाल्यावर घड्याळ न्यायचे, अशी ही योजना होती. दरबाराऐवजी नव्या ग्राहकवर्गापर्यंत पोहोचताना त्यांनी घड्याळ आणखी साधे केले. आपली ओळख मात्र सोडली नाही.

कीर्तीबरोबर नकलाही आल्या. त्यांचे नाव घातलेली बनावट घड्याळे बाजारात येऊ लागली. त्यावर उपाय म्हणून ब्रेगे यांनी तबकडीवर गुप्त स्वाक्षरी कोरण्यास प्रारंभ केला. प्रकाश तिरपा पडला तरच ती दिसे.

२६ जून १८०१ रोजी त्यांना वावटळ या अर्थाच्या ‘तूरबियाँ’ यंत्रणेचे पेटंट मिळाले. खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळावर गुरुत्वाकर्षणाचा जो परिणाम होई, तो तोलचक्रच सतत फिरवून समतोल करण्याची ही युक्ती होती. १८१० मध्ये नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा हिने मनगटावर बांधण्याचे घड्याळ त्यांच्याकडून मागविले. १८१६ मध्ये त्यांना फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सदस्यत्व लाभले. १७ सप्टेंबर १८२३ रोजी त्यांचे निधन झाले. राणी मारी आंत्वानेतसाठी १७८३ मध्ये मागविण्यात आलेले १६० क्रमांकाचे घड्याळ तोवर अपुरेच होते. राणीचा शिरच्छेद होऊन चौतीस वर्षे लोटल्यावर, १८२७ मध्ये ते पूर्ण झाले.

पुढच्या पिढ्यांत पेढीची वाट बदलली. नातू लुई-क्लेमाँ यांचा ओढा तारायंत्र व विद्युत उपकरणांकडे होता. १८७० मध्ये त्यांनी घड्याळांचा व्यवसाय कार्यशाळेचे प्रमुख एडवर्ड ब्राउन यांना विकला. ब्राउन कुटुंबाने तो शंभर वर्षे सांभाळला. मात्र मनगटी घड्याळांच्या युगात संस्थापकाचा चेहरा हळूहळू पुसट झाला. १९५० च्या दशकात फ्रेंच हवाई दलासाठी केलेली काळ्या तबकडीची घड्याळे नावाजली गेली, पण त्यांत ब्रेगे यांच्या रेषेचा मागमूस नव्हता. दुसरीकडे, ब्रेगे काटे आणि ब्रेगे अंक पातेक फिलिपसारख्या प्रतिष्ठित पेढ्यांच्या तबकड्यांवर विराजमान झाले होते. घरची ओळख बाजाराची सामायिक मालमत्ता झाली आणि घरात उरले ते नाव.

१९७० मध्ये पॅरिसचे जवाहिरे शोमे बंधू मालक झाले. त्यांच्या काळात घड्याळजी दानिएल रॉथ यांनी जुन्या घड्याळांचा अभ्यास करून रेषांची जाळी, नाण्याच्या कडेसारखी खाचदार कड आणि पोकळ टोकाचे काटे मनगटी घड्याळांत आणले. शोमे यांचा व्यवसाय कोसळल्यावर १९८७ मध्ये पेढी इन्व्हेस्टकॉर्पकडे आणि १९९९ मध्ये स्वॉच समूहाकडे गेली. स्वॉचचे निकोलस हायेक यांनी जुनी घड्याळे परत मिळवून संग्रहालय वाढविले. मारी आंत्वानेतचे घड्याळ १९८३ मध्ये जेरुसलेमच्या संग्रहालयातून चोरीस गेले होते. ते बेपत्ता असतानाच हायेक यांनी २००५ मध्ये त्याची प्रतिकृती हाती घेतली. मूळ घड्याळ २००७ मध्ये परत मिळाले. प्रतिकृती २००८ मध्ये सादर झाली.

अडीचशेव्या वर्षी पेढीने सर्वप्रथम सादर केले ते एका काट्याचे घड्याळ, क्रांतीनंतरच्या त्या नोंदणीच्या घड्याळाचे मनगटी रूप. त्याच वर्षी जिनिव्हाच्या घड्याळ स्पर्धेतील सर्वोच्च बहुमान त्याला लाभला. पाच मालक बदललेल्या या पेढीला आपला चेहरा शोधण्यासाठी अखेर संस्थापकाच्या सर्वांत साध्या घड्याळाकडेच जावे लागले. नाव विकत घेता येते. ते ज्या विचाराने मोठे झाले, तो विचार मात्र प्रत्येक नव्या मालकाला नव्याने शिकावा लागतो.