बेथच्या आधी एक व्हेरा होती

'द क्वीन्स गॅम्बिट' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. निदान तिची रील्स तरी नक्कीच. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये नेटफ्लिक्सवर आलेले सात भाग, पन्नास-साठच्या दशकातली अमेरिका, अनाथाश्रमात वाढणारी बेथ हार्मन, तळघरात एकटाच पट मांडून बसलेला शिपाई, रात्री छतावर सरकणाऱ्या उलट्या सोंगट्या आणि शेवटी थेट मॉस्कोत रशियन जगज्जेत्यावर मात. वॉल्टर टेव्हिस यांच्या १९८३ च्या कादंबरीवर ही सिरीज बेतलेली आहे, म्हणजे बेथ काल्पनिकच. पण पुरुषांनी भरलेल्या हॉलमध्ये पटासमोर बसलेली एकटी मुलगी हे चित्र मात्र काल्पनिक नाही. बेथच्या कथेतल्या काळाआधी जवळपास चाळीस वर्षं ते युरोपात खरंच दिसत होतं. त्या मुलीचं नाव व्हेरा मेंचिक. बुद्धिबळातली पहिली महिला जगज्जेती.

सिरीजमध्ये गोष्ट रंगवायच्या ज्या युक्त्या आहेत, त्या एकेक करून व्हेराच्या आयुष्याला लावून बघा. काही मस्त बसतात. काही अजिबात बसत नाहीत, आणि खरी गोष्ट तिथेच सुरू होते.

सुरुवात मधूनच

सिरीज बेथच्या बालपणापासून सुरू होत नाही. १९६७ चं पॅरिस, हॉटेलच्या बाथटबमध्ये जाग आलेली बेथ, मॅचला झालेला उशीर, धावपळ, आणि मग एकदम फ्लॅशबॅक. प्रेक्षकाला आधी संकट दाखवायचं, कारण नंतर सांगायचं.

व्हेराची सिरीज काढली तर पहिला सीन कार्ल्सबादचा असेल. चेकोस्लोव्हाकियातलं हे गाव, साल १९२९. स्पर्धेत २२ खेळाडू, त्यात २१ पुरुष आणि २३ वर्षांची व्हेरा. कापाब्लांका, निम्झोविच, युवे अशी त्या काळची सगळी मोठी नावं हजर. व्हिएन्नाचा मास्टर आल्बर्ट बेकर याला ही मुलगी इथे आहे याचीच गंमत वाटत होती. त्याने टूम काढली की जो कोणी हिच्याकडून हरेल, त्याला 'व्हेरा मेंचिक क्लब'चं सभासद करून घ्यायचं. सगळे हसले. मग बेकरचा डाव लागला, आणि क्लबला पहिला सभासद मिळाला. तो म्हणजे स्वतः बेकर!

इथे कट. फ्लॅशबॅक.

वंडर गर्ल? नाही!

व्हेराचा जन्म १९०६ चा, मॉस्कोतला. वडील चेक, आई इंग्लिश. घरची परिस्थिती उत्तम होती. नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला बुद्धिबळाचा संच आणून दिला. पुढे रशियन क्रांती झाली, वडिलांची गिरणी गेली, मग राहतं घरही गेलं. आई-वडील वेगळे झाले आणि १९२१ मध्ये आई दोन्ही मुलींना घेऊन इंग्लंडला, हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी आजीकडे आली. व्हेरा तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि तिला इंग्रजी धड येत नव्हतं.

सिरीजमध्ये बेथ फारशी बोलत नाही. कॅमेरा तिच्या डोळ्यांवर थांबतो आणि आपण डाव तिच्या चेहऱ्यावर वाचतो. ही दिग्दर्शकाची युक्ती झाली. व्हेराच्या बाबतीत गप्प राहणं ही गरज होती. नवा देश, परकी भाषा, आणि करण्यासारखं एकच काम, ज्यात बोलावंच लागत नाही. १९२३ मध्ये, सतराव्या वर्षी ती हेस्टिंग्जच्या क्लबात दाखल झाली.

आता मुख्य फरक बघा. बेथ आठ-नऊ वर्षांची असताना शिपायाला हरवते आणि लवकरच शाळकरी मुलांना एका वेळी धूळ चारते. याला म्हणतात प्रॉडिजी, जन्मजात चमत्कार. अशा गोष्टींत हे लागतंच, कारण प्रेक्षकाला पहिल्याच भागात कळायला हवं की ही मुलगी वेगळी आहे. व्हेरा तशी नव्हती. तिला हंगेरीचा ग्रँडमास्टर गेझा मारोत्सी गुरू म्हणून लाभला. त्याच्याकडून ती भक्कम, सावध, चुका कमी करणारा खेळ शिकली. दे दणादण हल्ले, वजिराचं बलिदान असला मामला तिच्याकडे कमीच. थोडक्यात, छतावर सोंगट्या नाचवण्यापेक्षा खुर्चीत तासन् तास बसणाऱ्यांपैकी ती होती.

दोन पट, दोन निकाल

१९२७ मध्ये लंडनला महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. व्हेराने ११ पैकी १०.५ गुण मिळवून ती जिंकली. पुढे १९३०, ३१, ३३, ३५, ३७ आणि ३९ अशा सगळ्या स्पर्धा तिच्याच. या सात स्पर्धांत मिळून ८३ डाव, त्यात ७८ विजय, ४ बरोबरी आणि फक्त एक हार. विराट कोहलीच्या फॅनलाही हेवा वाटावा असा हा स्कोअरकार्ड आहे.

तिला तिथेच थांबता आलं असतं. दर दोन वर्षांनी यायचं, ट्रॉफी घ्यायची, फोटो काढायचा. पण ती पुरुषांच्या स्पर्धांत उतरत राहिली आणि तिथला निकाल अगदी वेगळा होता. १९२९ मध्येच रॅम्सगेटला ती रुबिनस्टाइनच्या बरोबरीने दुसरी आली, कापाब्लांकापेक्षा अवघा अर्धा गुण मागे. त्यानंतर काही महिन्यांनी कार्ल्सबाद. बेकरला हरवल्याचा किस्सा सगळे सांगतात, पण त्या स्पर्धेत व्हेरा २२ जणांत शेवटची आली होती, २१ डावांत ३ गुण. १९३४ मध्ये मारिबोरला तिसरी. आणि १९३५ मध्ये मॉस्को.

हा योगायोग बघा. सिरीजचा क्लायमॅक्स मॉस्कोत आहे. सातव्या भागात बेथ तिथे जाते, दूरचे मित्र फोनवरून चाली सुचवतात, जगज्जेता बोर्गोव्ह हरतो, आणि शेवटी पांढरा कोट, पांढरी टोपी घालून बेथ बागेतल्या म्हाताऱ्यांसोबत खेळायला बसते. ती जणू पांढऱ्या सोंगट्यांमधली क्वीन झालेली असते. (मराठीत ही खूण पटकन लक्षात येत नाही, कारण आपल्या पटावर राणीच नाही, वजीर आहे!) व्हेराही मॉस्कोला गेली, जिथे ती जन्मली त्याच शहरात, जगज्जेती म्हणून. आणि १९ डावांत दीड गुण मिळवून शेवटची आली.

कुठलाही पटकथाकार हा भाग कापून टाकेल. मायदेशी परतलेली नायिका शेवटच्या नंबरावर? चालणारच नाही.

पण व्हेराने कापला नाही. ती पुढच्या स्पर्धेला गेली. तिने सॅम्युएल रेशेव्हस्कीलाही हरवलं. गंमत म्हणजे हा रेशेव्हस्की खराखुरा प्रॉडिजी होता, लहानपणी गावोगाव फिरून मोठ्या माणसांना हरवणारा. क्लबात तोवर बरीच गर्दी झाली होती. पंजाबातून इंग्लंडला गेलेला आणि तीनदा ब्रिटिश विजेता ठरलेला सुलतान खान त्यात होता. हॉलंडचा मॅक्स युवे तर तिच्याकडून दोनदा हरला आणि पुढे १९३५ मध्ये जगज्जेता झाला. युवेचं नाव लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

ग्लॅमर कमी, कष्ट जास्त

बेथचे कपडे, हॉटेलं, पार्ट्या हे सिरीजचं मोठं आकर्षण. तिच्या गोळ्या आणि दारू हेही एक साधनच आहे, कारण पटावरचा शत्रू पुरेसा नसला की लेखक नायिकेच्या आत एक शत्रू बसवतो. व्हेराचा शत्रू साधा होता, रोजचा खर्च. शिकवण्या घ्यायच्या, व्याख्यानं द्यायची, एकाच वेळी वीस-वीस पटांवर खेळून दाखवायचं, मासिकासाठी काम करायचं, आणि यातून वेळ काढून कापाब्लांकाविरुद्ध बसायचं. १९३७ मध्ये तिने रूफस स्टीव्हनसन या बुद्धिबळ संघटकाशी लग्न केलं. तो तिच्यापेक्षा २८ वर्षांनी मोठा होता. कधी रशिया, कधी चेकोस्लोव्हाकिया, शेवटी इंग्लंड, असं तिच्या नावापुढचं देशाचं नाव बदलत गेलं.

१९३९ मध्ये ब्यूनोस आयर्समध्ये ती सातव्यांदा जिंकत होती, तेव्हाच युरोपात दुसरं महायुद्ध पेटलं. तिची मोठी प्रतिस्पर्धी, जर्मनीची सोन्या ग्राफ, अर्जेंटिनातच राहिली. व्हेरा लंडनला परतली. तिथल्या नॅशनल चेस सेंटरची व्यवस्था तिच्याकडे होती. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात ते सेंटर गेलं. १९४३ मध्ये नवरा गेला. आणि जून १९४४ मध्ये क्लॅपहॅममधल्या तिच्या घरावर जर्मनीचा उडता बॉम्ब पडला. व्हेरा, आई आणि धाकटी बहीण ओल्गा तळघरात आसऱ्याला गेल्या होत्या. तिघीही गेल्या. व्हेरा ३८ वर्षांची होती आणि १७ वर्षं सलग जगज्जेती. तिचं पद पटावर कुणीच हिरावून घेतलं नाही.

मग युक्ती चुकते कुठे?

बेथ आपल्याला आवडते, यात वाद नाही. पण तिच्या गोष्टीतली एक युक्ती फसवी आहे. बेथला पुरुषांच्या टेबलावर जागा मिळते, कारण ती सगळ्यांपेक्षा भारी आहे. ती पहिली आणि एकटी वाटावी, याची सिरीज इतकी काळजी घेते की शेवटच्या भागात जॉर्जियाची खरीखुरी जगज्जेती नोना गाप्रिंदाश्विली कधी पुरुषांशी खेळलीच नाही, असं एक वाक्य ठोकून दिलंय. नोना तर तोपर्यंत कितीतरी पुरुष खेळाडूंशी खेळली होती. तिने २०२१ मध्ये खटला भरला, २०२२ मध्ये तो तडजोडीने मिटला.

म्हणजे मुलगी असामान्य असेल तर ठीक, तिला बसू द्या. आणि नसेल तर? साधारण चांगली असेल, कधी तिसरी, कधी शेवटची येत असेल तर? तिच्या शेजारी शेवटून दुसरा आलेला पुरुष असतोच की. त्याला कुणी विचारत नाही की तू इथे का आलास. व्हेराचं मोठेपण मला बेकरला हरवण्यात कमी आणि मॉस्कोनंतर पुन्हा पटासमोर बसण्यात जास्त दिसतं. खुर्ची मिळायला जगज्जेत्याला हरवावं लागत नाही, हे तिने शेवटच्या नंबरावर येऊनही दाखवलं.

आता युवे. १९७६ मध्ये मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि मोठा गदारोळ झाला. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी निर्वाळा दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांत महिलांना अडवता येणार नाही. ते अध्यक्ष होते मॅक्स युवे. व्हेरा मेंचिक क्लबचे जुने सभासद!

ऑलिम्पियाडमध्ये महिला संघांना मिळणाऱ्या करंडकाला आज व्हेराचं नाव आहे. २०२४ मध्ये बुडापेस्टला तो पहिल्यांदा भारताने जिंकला. त्या संघात नागपूरची दिव्या देशमुख होती, जी पुढच्याच वर्षी महिलांचा वर्ल्ड कप जिंकून ग्रँडमास्टर झाली. दिव्याचे फोटो आपण सगळ्यांनी स्टेटसला ठेवले. पण तुमच्या कॉलेजच्या जिमखान्यातही एखादी मुलगी असेल, पहिल्याच राउंडला हरणारी आणि पुढच्या वर्षी परत नाव देणारी. तिच्यासाठी एक खुर्ची मोकळी ठेवा.