रक्तातली प्रथिने विजेने वेगळी करणारे टिसेलियस कोण होते?

रक्ताच्या अहवालातले ‘गॅमा ग्लोब्युलिन’ हे नाव आर्ने टिसेलियस (१९०२-१९७१) या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञामुळे रूढ झाले.

द्रवातल्या सूक्ष्म कणांवर विद्युतभार असतो. वीज सोडली की ते विरुद्ध भाराच्या टोकाकडे कमीजास्त वेगाने सरकतात. हेच इलेक्ट्रोफोरेसिस. प्रथिने या पद्धतीने वेगळी करण्यावर टिसेलियस यांनी १९३० मध्ये उप्साला विद्यापीठात प्रबंध लिहिला. पण निकालांवर ते समाधानी नव्हते. विजेने द्रव तापे, त्यात प्रवाह उठत आणि वेगळे झालेले थर पुन्हा मिसळत. काही वर्षे ते झिओलाइट खनिजांच्या अभ्यासाकडे वळले.

अमेरिकेत प्रिन्स्टनला वर्षभर राहून परतल्यावर त्यांनी उपकरणच बदलले. ४ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान किंचित वाढले, तरी पाण्याची घनता फारशी बदलत नाही. त्यांनी नळी तितकी थंड ठेवली, प्रवाह थांबले. १९३७ मध्ये रक्तद्रवातल्या ग्लोब्युलिनचे अल्फा, बीटा आणि गॅमा असे तीन गट स्पष्ट दिसले. रोगाशी लढणारी प्रतिपिंडे प्रामुख्याने गॅमा गटात असल्याचे १९३९ मध्ये दिसून आले.

टिसेलियस यांना १९४८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या निदानात आजही याच तत्त्वाची चाचणी करतात.