धर्मानंद कोसंबी : पालीचे शिक्षक

मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या हाती केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र ठेवले, हा प्रसंग आपल्या विद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. त्याआधी दहाएक वर्षे गोव्यातील साखवाळ गावी एका तरुणाच्या हाती 'बालबोधमेवा' हे मुलांचे मासिक पडले होते. त्यातील लहानशा बुद्धचरित्राने त्याचे आयुष्य पालटले. ते धर्मानंद दामोदर कोसंबी. जन्म ९ ऑक्टोबर १८७६.

शालेय शिक्षण जेमतेम, हाताशी नारळाची बागाईत, घरी पत्नी बाळाबाई आणि लहान मुलगी. बुद्धाचा धम्म मुळातून शिकावा, या एकाच ध्यासाने १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. आम्हा संसारी माणसांना बाळाबाईंचा विचार केल्यावाचून ही हकिगत पुढे सांगवत नाही. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे हिंडून ते सिंहलद्वीपात पोहोचले, आणि तेथे विद्योदय विद्यालयात सुमंगल महाथेरांपाशी पाली शिकले. ज्या भूमीत बुद्ध चारिका करीत फिरले, तिच्या पुत्राला त्यांची वाणी शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला!

पुढे कलकत्ता विद्यापीठात त्यांना पाली शिकविण्याचे काम मिळाले. ते सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य स्वीकारले, कारण त्यांना महाराष्ट्रात राहून मराठीत लिहावयाचे होते. डॉ. भांडारकरांच्या पाठबळाने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीचा समावेश झाला, आणि १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. पु. वि. बापट हे त्यांचेच विद्यार्थी.

शिक्षक या नात्याने आम्हाला त्यांचे मोल वाटते ते त्यांच्या चिकित्सेमुळे. वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा आजही अनेक क्रमिक पुस्तकांत असते. प्राचीन सुत्तांत तिला आधार नाही, हे त्यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात दाखविले, आणि शाक्य व कोलिय यांच्या पाण्याच्या तंट्याकडे लक्ष वेधले. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये ही रूढ कथा नाकारून रोहिणीच्या पाणीवाटपाचाच प्रसंग मांडला. आमच्या नववीच्या वर्गात हे सांगितले की मुले विचारतात, मग पुस्तकातले खोटे का? असा प्रश्न आला की त्या दिवशीचा नियोजित पाठ आम्ही बाजूला ठेवतो.

कोसंबी गांधीजींच्या सहवासात राहिले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. त्यांचा तो मार्ग आमचा नव्हे. पण तेवढ्यासाठी त्यांचे ग्रंथ मिटून ठेवणाऱ्यांशीही आम्ही सहमत नाही. १९३७ साली परळच्या कामगार वस्तीत 'बहुजन विहार' उभा राहिला, तो त्यांच्याच पुढाकाराने.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. हार्वर्ड येथे 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे काम त्यांनी १९१० साली हाती घेतले होते. ती आवृत्ती १९५० साली छापून आली.